ऑइलच्या पाइपातली कुंभारीण

परवा रविवारी सकाळी आई-बाबांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस माणसं हार-नारळ घेऊन एका गाडीभोवती उभी होती... आणि मी ती गाडी कुणाला चालू करू देत नव्हते!

थोडं मागचं सांगते. आई-बाबांकडे कोथरूडला एक जुनी जपानी गाडी आहे, रोटरी इंजिनची. यात पिस्टन खाली-वर होत नाहीत, तिकोनी रोटर आत गरागरा फिरतात. बाबांचे एक मित्र मुलाकडे परदेशी कायमचे गेले आणि जाताना ही बंद पडलेली गाडी बाबांच्या गळ्यात मारून गेले.

बाबा आयुष्यभर चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते. त्यांचा आवाज म्हणे गेटपर्यंत जायचा. रिटायर झाले आणि हळूहळू बोलायचेच थांबले... हो-नाही, चहा दे, बास. आम्ही मनातून घाबरलो होतो.

गाडी आल्यावर हात तरी चालू झाले. इंजिन खोललं, ते मागच्या बाल्कनीत आलं, आई चिडली, तिचे कपडे वाळत घालायचे वांधे झाले. मी आयटीवाली, पण शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली पाने द्यायला जायचे. दोघंही गप्प, फक्त पान्यांचा आवाज.

मधल्या काळात सोसायटीने ठराव केला, की बंद गाडी या रविवारपर्यंत स्वतःच्या चाकांवर हलली नाही तर भंगारवाल्याला बोलवा. मीटिंगहून घरी येऊन बाबा मला एवढंच म्हणाले, "ही गेली तर मी पुन्हा काही उघडणार नाही."

तर रविवार. इंजिन बसलं होतं, पाण्याचे, ऑइलचे, हवेचे सगळे पाइप परत जोडून झाले होते. आईने टायरखाली लिंबू ठेवलं.

आता नवीन बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. म्हणून पेट्रोलचा आणि स्पार्कचा फ्यूज काढून आधी नुसता सेल्फ मारायचा. ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच गाडी खरी चालू करायची. नाहीतर एका मिनिटात कित्येक महिन्यांची मेहनत मातीत.

सेल्फ मारला. काटा ढिम्म. थांबलो, परत मारला... ढिम्म.

सेक्रेटरी देवधरकाका नारळ हातात घेऊन उभे होते. "अहो, गाडी चालू होणार आहे, की मी घरी जाऊन चटणी करू याची?" सगळे हसले. बाबांचा चेहरा उतरला.

त्यांनी माझ्यापुढे हात केला. "दे ते फ्यूज. चालू झाली की येईल ऑइल." आयुष्य टूलरूममध्ये काढलेले बाबा हे बोलत होते! इतक्या लोकांसमोर लाजेने त्यांचा धीर सुटला होता, दुसरं काय.

मी फ्यूज जीन्सच्या खिशात टाकले आणि म्हटलं, "नाही देणार." ऑइल कूलरकडे जाणारा पाइप सोडवला, सेल्फ मारायला सांगितला... पंपातून भसकन ऑइल माझ्या कुर्त्यावर! म्हणजे पंप ठणठणीत होता, पुढेच कुठेतरी अडत होतं.

पाइपात फुंकून बघितलं. हवा जाईना. तार घातली तर बाहेर काय यावं... वाळलेली माती, आणि तिच्यात दोन-तीन मेलेले कोळी.

"कुंभारीण!" आई ओरडली. "तरी म्हणत होते, ही माशी बाल्कनीत कशाला घिरट्या घालतेय!"

इंजिन बाल्कनीत आल्यापासून आईने जुना पंचा फाडून प्रत्येक पाइपाच्या तोंडात बोळे कोंबले होते. धूळ जाते म्हणून नव्हे हं, झुरळं होतात म्हणून. हा एकच पाइप बाबांनी धुऊन खिडकीत वाळत टाकला होता, बोळा न घालता. कुंभारणीने तेवढाच नेमका निवडला आणि आत आरामात मातीचं घर बांधलं, पिल्लांना खायला कोळी भरून.

सगळं पार्किंग हसत सुटलं, देवधरकाकांसकट. बाबांनी आईकडे बघितलं, आई मुद्दाम लिंबाकडे बघत राहिली.

पाइप आणि कूलर स्वच्छ धुतले, पाइप जोडला, ऑइलची लेव्हल बघितली. सेल्फ... आणि काटा हलला. मग हळूहळू वर चढला. मी डिपस्टिक हातात घेऊन चक्क रडले!

फ्यूज लावले. दोन-तीन आचके दिले आणि गाडी सुरू झाली. इंजिन बांधताना आत व्हॅसलीन लावतात, ते जळून असा पांढरा धूर निघाला की समोरची विंग दिसेना. धुरातून कुणीतरी ओरडलं, "चला, डास तरी मरतील!" नारळ फुटला, गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली आणि एक चक्कर मारून परत आली. काटा जागच्या जागी.

सगळे पांगल्यावर बाबांनी बॉनेट उघडलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील काहीतरी... शाबास वगैरे. त्यांनी पाइपावर मी लावलेली क्लिप बघितली आणि कडाडले, "हा स्क्रू खालच्या बाजूला? उद्या सैल झाला तर पिळणार कसा, गाडीखाली झोपून? इतके महिने काय डोळे मिटून शिकत होतीस?"

पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. आई जिन्यात थबकली, आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. बाबा अजून बोलतच होते, पाण्याच्या पाइपावर घसरले होते...

किती वर्षांनी अशी पोटभर बोलणी खाल्ली! देवा, आता हा आवाज असाच चालू राहू दे.