बॉस म्हणायचं, काका नाही

धाकली पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात वाढली आणि तिथेच तिचे केस पांढरे व्हायला लागले. ती छापील पानांचे फर्मे शिवायला बसली की दोरा कधी सैल पडायचा नाही. जीभ मात्र एकदा सुटली की आवरायची नाही. दुकान तिच्या वडिलांनी आणि काकांनी मिळून काढलेलं. वडील गेले आणि लगेच काकांनी कोपऱ्यात काचेची केबिन उभी केली. धाकलीला आत बोलावून म्हणाले, "आजपासून 'काका' बंद. सगळे बॉस म्हणतात, तूही म्हण. नातं घरी ठेवून यायचं."

"घरी तरी कुठे ठेवलंय तुम्ही?" ती म्हणाली. पण पोट हातावर होतं, म्हणून बॉस म्हणू लागली. म्हणताना तोंड असं करायची, जणू कडू गोळी चघळतेय.

एकदा कॉलेजातले एक सर जुना शब्दकोश बांधायला घेऊन आले. खळीने माखलेले हात पुसत धाकलीने विचारलं, "सर, हा मेला बॉस आला कुठून?"

सर हसले. "डच लोकांचा 'बास'. म्हणजे धनी. अमेरिकेतल्या मजुरांनी उचलला. 'मास्टर' गुलामांनी म्हणायचं, म्हणून मजुरांना ते नको होतं. त्याच्याही मागचं नक्की कुणाला ठाऊक नाही. काही जण म्हणतात, मुळात अर्थ काका असावा. पुरावा कच्चा आहे हं."

धाकलीला कच्चा पुरावा पुरला. ती तडक केबिनमध्ये शिरली.

"ऐकलंत? बॉस म्हणजेही म्हणे काकाच!"

काकांनी मानसुद्धा वर केली नाही. "मग झालं की तुझ्या मनासारखं."

"कसलं मनासारखं? परका शब्द म्हणून तोंडात धरला होता. त्यातूनही तुम्हीच निघालात! आता तोही म्हणणार नाही."

"मग काय म्हणशील?"

"काही नाही. माणूस असता, तर हाक मारली असती."

काका ताडकन उठले. "भावाची पोर म्हणून पोसली, तर अस्तनीतला निखारा निघाली! चालती हो!"

"पोसली? माझ्या बापाच्या दुकानात राबले मी!"

बाहेर सरांनी शब्दकोश उचलला आणि ते पायऱ्या उतरले. धाकलीने वडिलांची कात्री पदराखाली घेतली आणि मागल्या गल्लीतल्या बांधणीवाल्याकडे कामाला लागली. काकांचं गिऱ्हाईक ती उघडउघड तोडायची; काका तिला चारचौघांत चोर म्हणायचे.

पुढे काका अंथरुणाला खिळले. चुलतभाऊ बोलवायला आला. धाकलीने त्याला पाणी दिलं, बस म्हणाली नाही, आणि पुढचा फर्मा शिवायला घेतला.