सात्किनच्या तेलाची तपासणी

काराकोल, ११ ऑक्टोबर २०२१, सोमवार. सकाळी गारठा, डोंगरावर नवा बर्फ. शेजारच्या सात्किनकडे राजधानी बिश्केकहून तपासनीस आले.

सात्किन या गल्लीत सून होऊन आली, तेव्हापासून मी तिला ओळखते. काटेरी झुडपांवरच्या नारिंगी फळांचे तेल काढावे तर तिनेच. भाजलेल्या कातडीची आग त्याने शमते, म्हणून आमच्या इस्पितळात तेच वापरतात. आजवर आपल्या देशाचा परवाना पुरत असे. आता आपल्यासह पाच देशांनी औषधांचे नियम एक केले आणि आपला कायदाही त्याबरहुकूम बदलला. तपासणीत उतरले तर ते औषध. नाही तर बाटलीवर ‘चेहऱ्याचे तेल’ छापायचे, आणि इस्पितळ ते घेणार नाही. या धास्तीने तिने वर्षभर बाटल्या भरायची खोली नव्याने बांधून घेतली.

धीर द्यायला मी काचेबाहेर उभी होते. तपासनीस तिलेक पांढरा डगला, टोपी घालून आत पाहणी करत होता. तेवढ्यात सात्किनची सासू कालबुबू, जिला सगळी गल्ली आपा म्हणते, रस्त्यातल्या चिखलाच्या बुटांनी थेट आत शिरली. हातात गरम नान.

"बाळा, आमच्या घरून नानचा तुकडा न मोडता कुणी गेलं नाही आजवर!"

"आपा, बाहेर व्हा!" सात्किन किंचाळली.

"मी बाहेर? माझ्या अंगणात? बघा, पाच देशांची सून झाली ही, घरची नाही राहिली!"

तिलेक हसू दाबत म्हणाला, "चला आपा, अंगणात खातो." बाहेर येऊन त्याने टोपी काढली, तुकडा मोडून तोंडात टाकला. मग सात्किनला थोरल्या बहिणीसारखी हाक मारून म्हणाला, "एजे, खोलीत आता चिखल आलाय, नानचा चुरा सांडलाय. पुढे काय?"

सात्किनचे डोळे भरले होते. "भरणं बंद. उघड्या बाटल्या बाद. खोली धुवायची, आणि घडलं तसं लिहून ठेवायचं. सासूबाईंसकट."

"मग करा. मी बसतो."

तो चहा घेत काचेतून पाहत राहिला.

"लग्न झालंय ना तुझं?" आपाने विचारले.

"दोन पोरं आहेत."

"मग असा वाळलायस का?"

दुपारी खोली पुन्हा लख्ख झाली. तिलेक म्हणाला, "धुतलेल्या खोल्या सगळेच दाखवतात, एजे. बिघडल्यावर काय करतात ते आज पाहिलं. अहवाल अनुकूल लिहितो. फक्त दाराला आतून कडी लावा."

"लावा खुशाल," आपा म्हणाली, "मी खिडकीतून देईन."

सात्किन हसत सुटली, मग माझ्या खांद्यावर डोके टेकून रडली.

संध्याकाळी आमच्याकडे थंडीचा कोळसा आला. छपराखाली रचून घेतला. एक पोते ओले निघाले.