चाकाची चावी देवघरात

तीन नट सुटले. चौथ्याला पाना बसेना.

मी वाकून नीट बघितलं. बाकीचे तीन नट साधे, सहा बाजूंचे. हा मात्र गोल, गुळगुळीत आणि तोंडावर फुलासारखी नक्षी. लॉक नट. मी मागं वळून बघितलं. गाडीमागे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात प्लास्टिकचा पारदर्शक फोल्डर होता आणि त्यातलं हॉल तिकीट मी आल्या आल्याच बघितलं होतं.

माझं रामनगरात टायरचं दुकान आहे. त्याशिवाय एका कंपनीचं रोडसाइड असिस्टन्सचं काम मी घेतो. म्हणजे नवी गाडी वाटेत बंद पडली की मालक एका नंबरला फोन करतो, तिथली बाई मला फोन करते आणि मी व्हॅन घेऊन जातो. त्या सकाळी तिनं सांगितलं ते एवढंच: कॅसलरॉकचा रस्ता, नवी कार, एक टायर पंक्चर, स्टेपनी आहे, कस्टमरला चाक बदलता येत नाही. असे कॉल रोजचेच. नवी गाडी घेतलेल्या माणसाला गाण्याची सिस्टीम दोन दिवसांत समजते, पण जॅक कुठे असतो ते वर्षभर माहीत नसतं. मी दुकानात उघडून ठेवलेलं लॉरीचं चाक पुरं केलं आणि मगच निघालो.

गाडी परशरामकाकांची. रेल्वेत ट्रॅकमन होते, आता रिटायर. मिळालेल्या पैशातून पांढरी कार घेतलेली, बॉनेटवरचा हार अजून सुकला नव्हता. समोरून लाकडाची लॉरी आली म्हणून त्यांनी गाडी पार कडेला घेतली. रस्त्याकडेला कुणीतरी बांबू तोडलेला होता. त्याचा तिरपा तासलेला खुंट टायरच्या कुशीत शिरला. ह्या भागाला आम्ही साइडवॉल म्हणतो. खिळा तळव्यात शिरला तर चाक न काढता जागेवर पंक्चर काढता येतं. साइडवॉल फाटली की टायर संपला, चाक बदलायलाच हवं.

"काका, ह्या नटाची चावी कुठाय?"

"ही काय किल्ली."

"गाडीची न्हवं, ह्या नटाची. बोटाएवढी असती. गाडी देताना पाऊचमधनं दिली असंल बघा."

काकांचा चेहरा पडला. "ती व्हय? ती देवघरात हाय. गाडीची पूजा झाली तवा मंडळीनं दुसऱ्या किल्लीसंगट देवाम्होरं ठेवली."

ह्यात त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या घरी तरी दुसरं काय करतात? शहरात अलॉय व्हील चोरीला जातात म्हणून शोरूमवाले प्रत्येक चाकाला असा एक नट लावून देतात. त्याला त्याचीच चावी लागते. कॅसलरॉकच्या जंगलात चाक चोरायला कोण येणार होतं, गवा? पण नट बसवलेला होता आणि तो काही माझं ऐकणार नव्हता.

मुलगी पुढं आली. रेश्मा तिचं नाव. "दादा, किती येळ लागंल? बेळगावात पेपर हाय. रेल्वेच्या भरतीचा. गेट लावलं की आत घेत न्हाईत."

"पुढच्या वर्षी असतोय न्हवं परत?" मी उगाच धीर द्यायला बोललो.

"माझं वय बसत न्हाई पुढं. हाच शेवटचा. आईला बोलले न्हाई मी, ती जिवाला लावून घेती."

मग मात्र माझे हात भराभर चालायला लागले. एक उपाय होता. जुना सॉकेट, म्हणजे पान्याचं पोकळ तोंड, लॉक नटावर हातोड्यानं ठोकून बसवायचा आणि जोर लावून फिरवायचा. नट वाया जातो, चाकाला ओरखडे पडतात, पण निघतो. वळणावर थोडी रेंज होती, तिथं जाऊन सुपरवायझरना फोन लावला.

"सर, लॉक नट आहे. चावी घरी राहिलीय. सॉकेट ठोकून काढू?"

"कस्टमर हो म्हणाला का?"

"विचारतो."

"लिहून घे. नवीन गाडी आहे, नंतर आपल्याच अंगावर येतं."

मी हातोड्याचं नाव काढताच काका चाकाच्या आडवे झाले. "हातोडा नगो मिस्त्री. नवं चाक हाय. घर काय लांब न्हाई. तुम्ही व्हॅन घिऊन जावा, चावी आणा. येळ हाय अजून."

"मग असं करू. पोरीला माझ्या व्हॅनमधनं रामनगरला सोडतो. तिथनं बस मिळंल, वडापची जीप मिळंल. गाडीचं मागनं बघू." व्हॅनमध्ये माणूस बसवायला कंपनीची बंदी आहे. असू दे म्हटलं.

रेश्मानं बॅग खांद्याला लावलीसुद्धा. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उभा जलम रुळाच्या कडंला उभा ऱ्हाऊन दुसऱ्यांच्या गाड्या जाऊ दिल्या मी," ते म्हणाले. "आज माझी पोरगी माझ्या गाडीतनं परीक्षेला उतरणार. एवढं एक करू दे मला. जाऊन याला कितीसा येळ लागतोय?"

रेश्मानं बॅग परत सीटवर ठेवली. तेवढ्यात झाडीपलीकडून इंजिनाची शिट्टी आली. "बाबा, आपली रोजची गाडी गेली," ती म्हणाली. क्लासला ती त्याच गाडीनं जायची. ती रागानं बोलली नाही, नुसतं सांगितलं. काका चाकाकडे बघत राहिले.

निघताना त्यांनी मला खिडकीशी गाठलं. "घरात पंक्चरचं बोलू नगा. बीपी हाय तिला. शोरूमवाल्यांनी मागितली म्हणा."

काकू गोठ्यात होत्या. शेणाच्या हातांनीच बाहेर आल्या. मी सांगितलं, काकांनी पाठवलंय, देवघरातली छोटी चावी हवी आहे, शोरूमला दाखवायची आहे.

"थांबा वाईच. पारोशी हाय मी. न्हाऊन देते."

"काकू, जरा गडबड आहे. कुठं ठेवलीय सांगा, मी घेतो."

"तुम्ही न्हालाय व्हय?" माझ्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांकडे बघून त्या म्हणाल्या. "देवाचं हाय ते. गडबड करून कसं चालंल?"

त्या न्हाणीत गेल्या. मी ओसरीवर उभा. समोरचं दार उघडं होतं आणि आतलं देवघर सरळ दिसत होतं. फोटोच्या पुढ्यात गाडीची दुसरी किल्ली आणि तिच्याशेजारी तो काळा पाऊच, वर कुंकू लावलेलं. हात लांब केला तर मिळेल इतकं जवळ. आत तांब्या बादलीवर आपटत होता. पाणी अंगावर घेण्याचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. बाईला खरं कारण ओरडून सांगावं असं मला किती वेळा वाटलं असेल. पण बीपीचं ऐकलं होतं. आणि दुसऱ्याच्या देवघरात असले हात घालायची छाती झाली नाही. खरं सांगतो, आजही होणार नाही.

काकू ओल्या केसांनी बाहेर आल्या. देवाला हात जोडले, पाऊच उचलला, माझ्या हातावर साखर ठेवली आणि मग चावी.

"रेश्मा पोचली असंल न्हवं आता?"

"पोचेल," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा रेश्मा वळणावर उभी होती. काका फडक्यानं बॉनेट पुसत होते, जणू तेवढंच काम शिल्लक होतं. चावी लावली आणि नट लोण्यातून निघावा तसा निघाला. मी आयुष्यात एवढ्या झटपट चाक बदललेलं नाही. काकांनी सीटबेल्ट लावला, आरसा बघितला आणि त्या मोकळ्या जंगलात इंडिकेटर दाखवून गाडी रस्त्यावर घेतली. गाडी चालवायला ते नुकतेच शिकले होते. "जोरात जा" असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

दोन दिवसांनी ते फाटका टायर घेऊन दुकानात आले. मी विचारायच्या आतच बोलले.

"गेट लावलं हुतं. आतली पोरं रांगेत उभी हुती अजून, दिसत हुती. मी वॉचमनच्या पाया पडलो. डिकी उघडून टायर दावला त्याला. म्हटलं बघ बाबा, खोटं न्हाई सांगत. तो म्हणाला, मी काय करू?" ते टायरच्या चिरेवरून अंगठा फिरवत होते. "पोरगी म्हणाली, बाबा बास, चला. घरच्या दारात आल्यावर म्हणाली, आईला काय सांगायचं?"

मी नवा टायर चढवला. लॉक नट काढून साधे बसवू का विचारलं. बसवा म्हणाले. ते चारी लॉक नट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, त्यांनी परत मागितले नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांना हातोडा नको होता, काकूंना पारोसं चालत नव्हतं, सुपरवायझरना लेखी पाहिजे होतं. ज्याचं त्याचं बरोबरच होतं आणि मुलीचं नुसतं वर्ष नाही, सगळी वाटच गेली.

पुढं एकदा रामनगरच्या बाजारात काकू भेटल्या. त्यांनीच ओळखलं मला.

"पेपर लई अवघड हुता म्हणं," त्या म्हणाल्या. "असू दे. पुढच्या खेपेला निघंल. तुम्ही त्या दिवशी चावी न्हेलीसा म्हणून शोरूमचं काम तरी झालं."

"व्हय," मी म्हणालो.

कॉल आला की कंपनीची बाई ठरलेले प्रश्न विचारते. गाडीचा नंबर, मॉडेल, कुठलं चाक, स्टेपनी आहे का. कुठं निघाला आहात आणि कधी पोचायचं आहे, हा प्रश्न त्यांच्यात नाही. तो मी आता कस्टमरला स्वतः फोन करून विचारतो, हातातलं काम तसंच टाकून. बहुतेक जण म्हणतात, असंच, फिरायला निघालोय. काही जण खेकसतात, तुम्हाला काय करायचंय, चाक बदला. मला चालतं.