वाइतासीचा तरुण पुढारी

पेलेनातोला छप्पन्नावं लागलं तेव्हा तो पाच नातवंडांचा आजा होता, वरचे चार दात गेलेले होते, आणि वाइतासी गावच्या तरुणांचा पुढारी होता. यात हसण्यासारखं काही आहे असं सवाई बेटावर कुणालाही वाटत नव्हतं. सामोआत माणूस वयाने मोठा होत नाही, मानाने होतो. घराण्याने मान दिला की तो मताई, गावचा मानकरी. मग त्याने गावसभेत खांबाला पाठ टेकून बसायचं, बोलायचं आणि आयतं जेवायचं. मान मिळाला नाही तर तो पोरगा. पोरग्याने लाकडं फोडायची, ऊमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यात दगड तापवायचे, मानकऱ्यांना वाढायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

घराण्याचा मान तीनदा पेलेनातोच्या दारावरून पुढे गेला. आधी थोरल्या भावाकडे, मग धाकट्याकडे, आणि शेवटी ऑकलंडहून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या पुतण्याकडे, ज्याला धड नारळ सोलता येत नव्हता. आता पुतण्या सभेत बसून म्हणे, "पेलेनातो, पाणी." पेलेनातो पाणी देई. देताना मनात काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण त्याचं खरं दुखणं मानाचं नव्हतं, शाळेचं होतं. गावच्या शाळेत तीन वर्षं विज्ञानाला शिक्षक नव्हता. होता तो फळं तोडायला ऑस्ट्रेलियात गेला आणि तिकडेच रमला. विज्ञानाच्या तासाला पोरं समुद्रावर हुंदडत. गावसभेत हा विषय कधी निघालाच नाही, कारण कोणाच्या डुकराने कोणाचे तारोचे कंद उकरले यातच मानकऱ्यांची दुपार सरे. पेलेनातो बाहेर पायरीवर बसून ऐकायचा आणि जीभ चावायचा. चाळीस वर्षं चावून ती अजून शाबूत होती याचंच नवल.

अशात राजधानीहून, आपियाहून, पत्र आलं. शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांच्या समितीने देशातल्या तरुणांना पुढे आणायचं ठरवलं होतं. विज्ञानाचे पाच शिक्षक नेमायचे होते, आणि कोणत्या पाच गावांना द्यायचे हे तरुणांनीच बोलून ठरवायचं होतं. प्रत्येक गावाने आपल्या तरुणांचा म्होरक्या पाठवावा. मानकऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि पेलेनातोला हाक मारली. दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बोलायला मिळणार म्हटल्यावर पेलेनातोचे पाय जमिनीवर ठरेनात. तीन आठवडे तो भाषण घोकत होता. आरंभी आकाश, मग समुद्र, मग पूर्वजांची नावं, आणि त्यानंतर कुठे शिक्षक. बायको फिलोमेनाचे कान किटले.

"शिक्षक येईपर्यंत ऐकणारे मरतील," ती म्हणाली.

"तुला भाषणातलं काय कळतं?"

"काही नाही. पण झोप कशाने येते ते कळतं."

आपियाच्या सभागृहाच्या दारात लांगी नावाची चोवीस वर्षांची अधिकारी यादी घेऊन उभी होती. पेलेनातो डोक्याला तेल लावून, खांद्यावर सोललेलं डुक्कर घेऊन आला. पाहुणा म्हणून रिकाम्या हाताने यायची त्याच्या घरात पद्धत नव्हती.

"काका, मुलाला सोडायला आलात का?"

"मीच आलोय. वाइतासीच्या तरुणांचा पुढारी."

लांगीने त्याच्याकडे पाहिलं, डुकराकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. "काका, वयाची अट एकोणतीस आहे."

"मला अजून मान मिळालेला नाही, पोरी."

"ते खरं हो. पण कागदावर मान नाही, वय लिहिलंय."

बाकीच्या गावांनी हुशारी करून आपियात शिकणारी पोरंपोरी पाठवली होती. पेलेनातो तिथेच उभा राहिला. गावात तो मोठा नव्हता आणि इथे लहान नव्हता. मग माणसाने जायचं तरी कुठे? त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. लांगीलाही वाईट वाटलं. ती म्हणाली, "तुम्ही मागे स्वयंपाकाला थांबता का? आज बारा मानकरी आलेत." म्हणजे तीन आठवडे घोकून, बोटीत ओकून, तो परत चुलीपाशीच आला. त्याने परसात खड्डा केला आणि दगड तापत घातले.

आत सभेचं घोडं पहिल्याच पावलाला अडलं. तरुणांच्या सभेला शोभा यावी म्हणून समितीने बारा गावांचे बारा मानकरी पुढे खुर्च्यांवर बसवले होते, आणि अध्यक्ष त्यांच्यातलेच. आता मानकऱ्यांसमोर पोरांनी बोलायचं असतं का? वीस पोरंपोरी मान खाली घालून मूग गिळून बसली. लांगी म्हणाली, "बोला, तुमचीच सभा आहे." कुणी पायाचा अंगठा पाहत होतं, कुणी छताचा पंखा. तासाभराने अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "पोरांना काही सुचत नाही. जेवून येतो, मग आम्हीच ठरवू." ते कोणती गावं ठरवणार हे खुर्च्यांकडे पाहून कुणालाही सांगता आलं असतं.

लांगी डोळे पुसत परसात आली. पेलेनातोने सगळं ऐकून घेतलं.

"पोरांना किती वेळ लागेल?"

"दोन तास. पण जेवण अर्ध्या तासात उरकेल."

"जेवण माझ्या हातात आहे," पेलेनातो म्हणाला. "तू दार लावून घे."

मानकरी पडवीत चटयांवर बसले. पेलेनातोने भाजलेलं डुक्कर त्यांच्या मधोमध ठेवलं, गुडघ्यांवर बसला आणि फार नम्रपणे विचारलं, "मायबाप, मी खेडवळ पोरगा. पाठीचा तुकडा सगळ्यात थोर मानकऱ्याचा असतो एवढं ठाऊक आहे. तो कोणाच्या पानावर ठेवू?"

आपापल्या गावात बाराही जण सगळ्यात थोर होते. पहिले दोघे हसत हसत म्हणाले, यांना दे, यांना दे. तिसऱ्याने आपल्या आज्याची आठवण काढली. चौथ्याने तिसऱ्याच्या आज्याचीही काढली, पण जरा वेगळी. मग वंशावळ्या सुरू झाल्या. पाऊण तासात ते अकरा पिढ्या मागे पोचले. पाठीचा निकाल लागतोय असं दिसताच पेलेनातोने विचारलं, "आणि मागची तंगडी?" डुक्कर थंड पडलं, माश्या आल्या, पोटात कावळे ओरडत होते, पण तुकडा ठरल्याशिवाय हात लावायचा कसा? एक मानकरी तर आवेशात उभाच राहिला. पेलेनातो मान खाली घालून होता. त्याला इतकी मजा लग्नातही आली नव्हती.

दोन तासांनी जेवण उरकून मानकरी आत आले, तर वीस पोरंपोरी एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. मानकरी दिसताच चिडीचूप. फळ्यावर चार गावांची नावं होती. पाचवी ओळ कोरी.

"ही कोरी का?" अध्यक्षांनी विचारलं.

लांगी म्हणाली, "एका गावाचा माणूस बोलायचा राहिलाय. आपल्याला वाढत होता."

पेलेनातोला आत बोलावलं. अंगाला धुराचा वास, हाताला चरबी. लांगीने वयाची अटही सांगून टाकली. अध्यक्ष छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाकडे पाहत राहिले.

"मान आहे?"

"नाही."

"मग पोरगाच की. त्यात कागद कशाला बघायचा? बोल, पोरा."

पेलेनातोने तोंड उघडलं. आकाश आठवेना, समुद्र आठवेना, पूर्वज तर एकही नाही. समोर बारा मानकरी. मग तो जसा घरी बोलतो तसाच बोलला.

"आमच्या शाळेत विज्ञानाला कुणी नाही. मी शनिवारी डुक्कर कापतो तेव्हा पोरांना बोलावतो. हे काळीज, हे फुप्फुस, असं दाखवतो. मला तेवढंच येतं. गेल्या महिन्यात एका पोरीने विचारलं, काळीज बाहेर काढलं तरी ते थोडा वेळ धडधडतं कसं? मला येईना. मी तिच्या अंगावर ओरडलो, लाकडं आणायला पिटाळलं. तेव्हापासून ती येत नाही. कुणीतरी उत्तर येणारा माणूस द्या."

तो खाली बसला. अध्यक्षांनी डाव्या बाजूच्या मानकऱ्यांकडे पाहिलं, मग उजव्या. सगळ्यांचा जन्म डुकरं खाण्यात गेला होता आणि एकालाही सांगता येईना.

"लिही," ते लांगीला म्हणाले. "पाचवं वाइतासी."