रोजगाराच्या फलकामागची भजी

आदिलाबादजवळचा कुंतला धबधबा बघायचा म्हणून दोन दिवसांची रजा टाकली आणि बघून आलो एका कारखान्याचं फाटक. तुम्हालाही अशीच सहल करायची हौस असेल, तर पुढचं वाचा.

नागपूरहून आदिलाबादला बसनं पाच तास धरा. तिकीट चारशेच्या आत, रस्ता झकास. पांढरकवड्याला चहा उरकून घ्या. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, माणसं मात्र मराठी बोलतच राहतात.

माझा चुलतभाऊ दिनूदादा तिथं एका जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर मिरची भज्यांचं दुकान चालवायचा. रेखावहिनी त्याच कारखान्यात कापसाची प्रत तपासतात. कारखाना आता एका परदेशी कंपनीचा आहे. परदेशी कंपन्या देश कसा लुटतात, हे मी कित्येक वर्षं खुर्चीत बसून सांगत आलोय, तेही फुकट.

पोचल्या पोचल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, उद्या धबधबा नाई जमत. परदेशातून साहेब येऊन राह्यले. कारखाना ठेवाचा का बंद कराचा, ते ठरवाले."

सकाळी फाटकावर गेलो, तर दादाचं दुकान गायब! मॅनेजरनं त्यापुढं दुकानाहून उंच फलक बांधून घेतला होता: 'स्थानिक रोजगाराला आमचा आधार'. स्थानिक रोजगार त्यामागं बेसन कालवत बसला होता.

"एक दिन का तो सवाल है, चाचा," फाटकावरचा रखवालदार म्हणाला. "साहब को दुकान अच्छा नहीं दिखेगा."

"काऊन? तुले तर रोज दिसते," दादा म्हणाला, "अन् चार भजेबी दिसतात!"

दुपारी कारखाना फिरून साहेब बाहेर आले. मी दादापाशी उभा राहून फलकाच्या कडेनं डोकावत होतो. फलकापुढं फोटो काढायचा होता. सगळे रांगेत हसरे उभे. तेवढ्यात साहेबांनी नाक वर करून वास घेतला आणि काहीतरी विचारलं. मॅनेजर घाईनं म्हणाला, काही नाही, वस्तीच तशी आहे.

वहिनी रांगेतून पुढं आल्या. शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा करून त्यांनी सांगितलं, "सर, याच्या मागं माझ्या नवऱ्याचं दुकान आहे. आम्ही सगळे इथंच खातो."

मॅनेजरचा चेहरा कालवलेल्या बेसनासारखा झाला. इकडं दादाचा झारा हवेतच. "गेली हिची नोकरी," तो पुटपुटला.

साहेब वाकून फलकाखालून आत आले. एक भजं खाल्लं. डोळ्यांतून पाणी, नाक लाल. मग आणखी तीन मागितली.

दुसऱ्या दिवशी मी धबधब्याविनाच परतलो. महिनाभरानं वहिनींचा फोन आला. कारखाना राहिला. साहेबांना भजी इतकी आवडली, की त्यांनी आतच 'स्थानिक चवीचं' कॅन्टीन काढायचा हुकूम सोडला. कंत्राटाला लागणारी कागदपत्रं दादाकडं नव्हती, हैदराबादच्या एका ठेकेदाराकडं होती. आता फाटकाबाहेर कुणी थांबत नाही. दादा हातगाडी घेऊन बसस्टँडवर उभा राहतो.

"कारखाना बंद झाला असता, तं आमच्या लॅबमधल्या साती जणी घरी बसलो असतो," वहिनी म्हणाल्या. "आमचं काम राह्यलं, अन् ह्याइचं दुकान गेलं. आता कंपनीचे आभार मानू, का भांडू?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.