चौदा कंपन्यांची ओमा

ओमा गेशे चौदा वेगवेगळ्या आवाजांत फोन उचलायची. जहाजं भाड्याने देणाऱ्या कंपनीचा फोन वाजला की आवाज घोगरा. विमावाल्यांचा वाजला की एकदम हळवा. आणि पेटंटवाल्या कंपनीचा वाजला की इतका कडक, की पलीकडचा माणूस आधी माफी मागून मग काम सांगायचा. चौदाही फोन तिच्या जुन्या गोठ्यात ओळीने मांडलेले होते. सत्तरी ओलांडलेली बाई, रुंद खांद्यांची, पायांत रबरी बूट आणि एप्रनला कायम पीठ लागलेलं. बेटावरची सगळी लहानथोर माणसं तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणत. सख्खी नातवंडं मात्र हॅम्बर्गला होती आणि नाताळला दोन दिवस येऊन जायची.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी साताऱ्याचा, हॅम्बर्गमध्ये विमानं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत संगणकाचं काम करत होतो. जर्मनीत धंद्यावरचा एक कर किती लावायचा हे ज्याचं त्याचं गाव ठरवतं, आणि उत्तर समुद्रातल्या या इवल्याशा बेटाने तो शून्य ठरवून टाकला होता. एकोणीस घरं, एक शाळा, समुद्राच्या बांधावर चरणाऱ्या मेंढ्या, आणि घरोघरच्या भाड्याच्या खोल्यांत मिळून, कागदोपत्री माणसांपेक्षा जास्त कंपन्या! अट एवढीच होती, की कंपनीचं थोडं तरी काम खरोखर तिथून चाललं पाहिजे. म्हणून साहेबांनी मला दर मंगळवार-बुधवार तिकडे धाडायचं ठरवलं. "यापुढे तू आमचं मुख्य कार्यालय," ते गंभीरपणे म्हणाले. मी फोनवर हे आईला सांगितलं, तर तिला वाटलं बढती मिळाली. तिने आळीत पेढे वाटले.

पहिल्या मंगळवारी बोटीतून उतरलो तेव्हा ओमा धक्क्यावर हातगाडी घेऊन उभी होती.

"मोइन," तिने तिकडचा नमस्कार केला. "नाव काय?"

"सदानंद."

"झाडा," ती म्हणाली. जर्मन जिभेवर सुरुवातीचा 'स' असाच वळतो. तेव्हापासून मी त्या बेटावर झाडाच राहिलो. मी अदबीने 'झी'ने, म्हणजे आपल्या 'अहो-जाहो'ने, बोलायला लागलो तर तिने हात झटकला. "'झी' इथे फक्त फिनान्सआम्टच्या, कर खात्याच्या, माणसांना म्हणतात. चल, तू लीझेच्या जागी बस."

लीझे ही गाय होती हे मला दुपारी कळलं. गोठ्यात पूर्वी चौदा गाई बांधलेल्या असत. आता तिथे लाकडी फळ्यांनी पाडलेल्या चौदा खोल्या होत्या. कंपन्यांची लांबलचक नावं ओमाच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिने त्यांना गाईंची नावं चालू ठेवली होती. टपाल आलं की ती पाकिटं वाटत जायची, "हे बेर्टाचं, हे हुल्डाचं, हे लीझेचं." लीझे कशी होती, असं मी विचारलं. "लाथा मारायची, पण दूध भरपूर. तुझ्या साहेबांचं मात्र अजून कळायचंय."

मी गोमांस खात नाही हे जेवणाच्या वेळी भीतभीतच सांगितलं. जर्मनीत यावर लोक सहसा चार प्रश्न तरी विचारतात. ओमाने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मीसुद्धा ओळखीची गाय कधी खाल्ली नाही," ती म्हणाली. मग तिने माझ्या वाडग्यात वाटाण्याचं सूप वाढलं, आणि पुढे प्रत्येक मंगळवारी मला तेच सूप मिळालं. मला वाटाणा आवडत नाही हे सांगायची वेळ निघून गेली होती.

रिकामं बसलेलं माणूस तिला बघवत नसे. मुख्य कार्यालयाला काम फार नव्हतं. दिवसाला दोन पत्रं आणि एखादा फोन. अर्ध्या तासाने ती दारात यायची. "झाडा, कंपनी झोपली का? मग बटाटे सोल." एकदा साहेबांनी फोनवर विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "सोलणं चालू आहे." त्यांना ते संगणकाच्या भाषेतलं काहीतरी वाटलं असावं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते समाधानाने म्हणाले, "सावकाश होऊ दे."

पण या गमतीमागे तिची एक धास्ती होती. ती कधीतरी बोलून जायची, "आधी आमची माणसं समुद्र न्यायचा. बांध उंच केला तर हॅम्बर्ग न्यायला लागलं." नवरा गेल्यावर, मुलं शहरात गेल्यावर तिने गाई विकल्या होत्या, आणि त्याच सुमाराला या कंपन्या आल्या. घरोघरच्या खोल्यांच्या भाड्यातून वर्गणी काढून बेटाने बांध दुरुस्त केला, शाळेला शिक्षिका ठेवली, हिवाळ्यातली रोजची बोट चालू ठेवली. म्हणून ती कंपन्यांना जपायची. पण नुसत्या पाट्यांना नाही. माणूस न पाठवणाऱ्या तीन कंपन्यांना तिने स्वतः हाकललं होतं. "भाडं देतात, पण येत नाहीत. रिकामी खोली ओल धरते," हे तिचं कारण.

एका बुधवारी काही न कळवता फिनान्सआम्टचे दोघे तपासनीस येऊन उभे राहिले. थोरले हेर, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, पाउल्सन, उंच, विधुर, निवृत्तीला आलेले. बरोबर एक तरुण सहकारी. त्या दिवशी गोठ्यात मी एकटाच होतो आणि माझ्या मांडीवर बटाट्यांचं घमेलं होतं.

"या कंपन्यांची माणसं खरंच इथे येतात, याला पुरावा काय?" पाउल्सननी विचारलं.

ओमाने स्वयंपाकघरातून एक जाड वही आणली. आठ वर्षांत तिच्या टेबलाशी जेवलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद होती. पाउल्सन चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. "मंगळवार. लीझे. भारतीय. वाटाण्याचं सूप, तीन वाडगे." पान उलटलं. "मंगळवार. लीझे. भारतीय. सूप, तीन वाडगे. चेहरा उतरलेला." तरुण सहकारी हसू दाबत होता. पाउल्सन मात्र हसले नाहीत. त्यांनी तासभर वही वाचली, कंपन्यांनी सरकारला दिलेल्या तक्त्याशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. एवढी चोख हजेरी त्यांनी मोठ्या बँकांतसुद्धा पाहिली नव्हती, असं ते म्हणाले. तोवर ओहोटी लागली होती, आणि पाणी उतरून रुतायच्या आत बोट निघून गेली होती. पुढची संध्याकाळी. ओमाने दोघांच्या हातात बटाटे सोलायला सुऱ्या दिल्या. जेवण झाल्यावर तिने वहीत लिहिलं, "फिनान्सआम्ट. दोघे. थोरल्याने दोनदा वाढून घेतलं."

पाउल्सन त्यानंतर अधूनमधून रविवारी यायला लागले. तपासणीसाठी नव्हे, हे त्यांनी पहिल्या वेळी तीनदा सांगितलं.

मग बर्लिनच्या केंद्र सरकारने कायदा केला. प्रत्येक गावाने तो कर निदान ठरावीक दराने लावायचाच. शून्य बंद. चार महिन्यांत गोठा रिकामा होत गेला. कंपन्यांची माणसं खोकी घेऊन येत, संगणक उचलत, हात मिळवत आणि पुढच्या बोटीने जात. ओमा प्रत्येकाला जेवायला घालून पाठवायची. एका दुपारी मी पाहिलं, ती गोठ्यात एकटी उभी होती आणि एकेक रिसीव्हर उचलून कानाला लावत होती. मला पाहून म्हणाली, "लाइन चालू आहे का बघत होते." सगळ्या लाइनी चालू होत्या.

शेवटचा घाव बोटीचा होता. जिल्ह्याने कळवलं, बेटावर चाळीस नोंदलेले रहिवासी असतील तरच हिवाळ्यात रोजची बोट चालेल. नोंद होती अडतीसांची. शाळेत सगळं बेट जमलं, आमची कंपनी गेली तरी ओमाला भेटायला आलेला मीही होतो, आणि सगळे एकदम बोलायला लागले. ओमा उठली. "शाळा मिटली तर पोरं बोटीने शिकायला जातील. बोट गेली तर कुटुंबंच जातील." मग ती माझ्याकडे वळली. "झाडा, तू नोंद कर. पण नुसती कागदावर नाही. महिन्यातून दोनदा यायचं, राहायचं."

मी तिच्याबरोबर किनाऱ्यावरच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "हॅम्बर्गला तुमचं घर आहे ना?"

"आहे. हे दुसरं."

"रहिवासी म्हणजे पहिल्या घराचा की दुसऱ्या, हे नियमात आहे का?" ओमाने विचारलं.

बाईंनी नियम दोनदा वाचला. "आल्झो... म्हणजे, नाही."

"गेनाऊ," ओमा म्हणाली.

एकोणचाळीस झाले. पंधरा दिवस चाळिसावा मिळेना. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बोटीतून दोन बॅगा घेऊन हेर पाउल्सन उतरले. आदल्याच आठवड्यात निवृत्त झाले होते. गोठ्यातल्या बेर्टाच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने पलंग जोडला. कर खात्याने बेटाच्या कंपन्या नेल्या आणि वर हा एक माणूस दिला, असं बेटावर बरेच दिवस म्हणत होते. ते ऐकून पाउल्सन लाल व्हायचे आणि सरपण फोडायला जायचे.

बोट चालू राहिली. गोठ्यात उन्हाळी पाहुणे यायला लागले. मी आणखी चार वर्षं महिन्यातून दोनदा जात राहिलो, लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेलो. मग पुण्याची नोकरी आली. तोवर शाळेच्या शिक्षिकेला जुळं झालं होतं, त्यामुळे माझ्यावाचून चाळिसाला धोका नव्हता. हे ओमानेच मला बोटांवर मोजून दाखवलं, म्हणजे मी मोकळ्या मनाने जावं.

शेवटच्या दिवशी ती धक्क्यापर्यंत आली. बोट भरत होती. आम्ही बाकावर बसलो आणि मला उठवेना.

"पुण्याला समुद्र आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तिथे निघायची वेळ झाली हे तुम्हाला कळतं कसं?"

तिने पाण्याकडे बघितलं. ओहोटी लागली होती; खांबावरची ओली रेघ वीतभर उघडी पडली होती.

"इथे बरं आहे, पाणीच उठवतं," ती म्हणाली. "नाहीतर मी तुला सोडलं नसतं." आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला बोटीकडे ढकललं.