साबूत चूल

चिमूरकडच्या एका धानाच्या बांधीत आम्ही जुनी वस्ती खणत होतो. माती वाहायला गावातल्या बाया यायच्या. त्यांतली एक साठीची, उंच, कमी बोलणारी. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. घमेलं उपडं करण्याआधी ती बोटांनी माती चाळायची आणि सापडलेलं खापर पदराला पुसून मगच माझ्या हातात द्यायची. शेजारणीचं भांडं परत करावं तसं.

शेवटच्या आठवड्यात एक चूल सापडली. हजारेक वर्षांपूर्वीची असावी, पण आत राखसुद्धा तशीच होती. लगेच आम्हा शहाण्यांची चर्चा सुरू झाली. माणसं गाव सोडून का गेली असतील? पूर आला, की रोगराई? ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून चुलीकडे बघत होती.

"वापस येतो म्हनून गेली असन ते बाई," ती म्हणाली.

"कशावरून?"

"चूल साबूत हाय ना, भाऊ. कायमची जानारी बाई चूल फोडून जाते."

मला हसू आलं. "असं कोण करतं?"

"वाघाच्या जंगलातून आमचं गाव उठवलं ना, तवा साऱ्या बायायनं फोडल्या."

तिनं पदरानं हात पुसले.

"मी नाई फोडली."



दोन दिवसांनी खणणं संपलं; शेत परत द्यायचं म्हणून खड्डा बुजवला. बाकीच्या बाया घमेल्यांनी माती लोटत होत्या. चुलीवरची माती तेवढी तिनं ओंजळीनं घातली.